पत्ता अपुरा

वाळपईच्या शाळेत शनिवारचा शेवटचा तास.
पंखा फिरतो आहे तो केवळ शिस्त म्हणून.
मी फळ्यावर लिहिते : सन १९४५.
त्याखाली : आठशे पंचावन्न बायका.
कुणीतरी मागून, टीचर, कुठल्या?
अमेरिकेच्या, मी म्हणते. फौजेतल्या. काळ्या.

आणि नववी ‘ब’ची बेचाळीस डोकी
वाऱ्यानं गवत वळावं तशी
तिसऱ्या बाकाकडे वळतात.

तिथं जुलियाना सिद्दी,
बाप काजूच्या कारखान्यात, गाव यल्लापूरकडचं.
ती वहीच्या समासात
पेन्सिलीनं कसलीशी चौकट गिरवते आहे,
एकाच रेघेवर पुन्हापुन्हा, कागद फाटेस्तोवर.

तीन रात्री बसून काढला होता हा पाठ.
पहिल्या काळ्या वैमानिकांची चित्रं
पणजीहून रंगीत झेरॉक्स करून आणली,
पुठ्ठ्यावर चिकटवली, खळ वाळू दिली.
सगळं आणलं.
एवढ्या माना वळतील आणि कुणावर,
हे तेवढं राहून गेलं.

शेवटच्या बाकावरून एक शब्द येतो, दबका.
खापरी.
मी रागावते. कोण बोललं ते?
कुणीच बोललं नाही.
पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून आणलेले शिपाई
नाक्यानाक्यावर उभे असत म्हणे.
ते गेले, शब्द राहिला.
आणि मी ओरडते आहे खरी,
पण माझ्याच आईनं मला
याच शब्दाच्या धाकानं पेज भरवली होती.
हे मी वर्गाला सांगत नाही.

घाईनं पुढे जाते :
इंग्लंडातलं थंड गुदाम,
उजेड बाहेर फुटू नये म्हणून खिडक्यांना काळा रंग,
आत टपालाच्या थैल्या छतापर्यंत.
घरून आलेले केक उंदरांनी कोरलेले.
सहा महिन्यांचं काम, वरिष्ठ म्हणाले.
या बायकांनी तिन्ही पाळ्यांत, अंगावर कोट चढवून,
तीन महिन्यांत उपसलं.

दत्तप्रसाद गावस हात वर करतो.
टीचर, हे कसलं सैन्य?
माझा पप्पा हेच करतो, स्कूटरवरून.
मग त्याला सलाम ठोक की, मी म्हणते.
गमतीनंच म्हणते,
पण तो हसत नाही. खाली बसतो, विचारात.

रॉबर्ट स्मिथ हजारोंनी होते, मी सांगते,
एकेकाचं कार्ड, कार्डावर नंबर,
नाव तेच, माणूस दुसरा.
आणि काही पाकिटांवर नुसतं ‘ज्युनियर, अमेरिकन फौज’.
आईला वाटलं असेल,
आपला ज्युनियर कुणाला ठाऊक नाही!
वर्ग खो खो हसतो.
जुलियानाही हसते. मग विचारते,
या तासाला पहिल्यांदाच मान वर करून,
टीचर, त्यांना यायची पत्रं?

म्हणजे?

म्हणजे त्या बायकांना. स्वतःची. कोण वाटायचं?

पंख्याचा आवाज तेवढा.
पुठ्ठ्यावरचे वैमानिक माझ्याकडे बघतात.
मला ठाऊक नाही, मी म्हणते.
अठरा वर्षांच्या नोकरीत हे वाक्य
मी या फळ्यासमोर किती वेळा उच्चारलं?
बोटांवर मोजू गेले तर बोटं उरतील.

घंटा होते.
सामानाची आवराआवर, चपलांचा ढीग, धक्काबुक्की.
मी हजेरीपट उघडते.
जूनमध्ये माझ्याच हातानं लिहिलेलं : जुलीया सिद्धी.
लाल पेन सापडत नाही. निळ्यानंच दुरुस्त करते.

व्हरांड्यातून तिचा आवाज येतो,
माझ्या आबाला पाठवलेलं परत येतं रे,
पत्त्यात आम्ही ‘रानाजवळ’ एवढंच लिहितो.

आणि दत्तप्रसाद, बापाच्याच रुबाबात,
पिनकोड बरय गो.
पिनकोड आसल्यार पावता.